वाल्देमार हाफकिन : परळची लस आणि मलकोवालची बाटली

नायगावहून दक्षिणेकडे परळला गेले की आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरात केईएम रुग्णालय, टाटा स्मारक रुग्णालय आणि हाफकिन संस्था जवळजवळ भेटतात. आज औषध नॅनोकणांत भरून थेट रोगग्रस्त पेशींपर्यंत नेण्याचे प्रयत्न होतात, तेव्हा तो कण यकृतात वा प्लीहेत साठून अपाय करणार नाही ना, हा प्रश्न आधी विचारला जातो. शरीरात बाहेरचे काही सोडण्यापूर्वी विचारायचा हा प्रश्न याच परिसरात वावरलेल्या एका माणसाच्या आयुष्यावर कायमचा कोरला गेला.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मेच्निकॉव्ह या शास्त्रज्ञाचे ते शिष्य. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला तो ग्रंथालयातील साहाय्यक म्हणून. तेथेच त्यांनी पटकीची लस तयार केली, १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते कलकत्त्यास आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात हाफकिन यांना तुटपुंजी जागा आणि मोजकेच साहाय्यक मिळाले. मटणाच्या सारासारख्या द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले. थेंबांखाली ते जंतू झुंबरासारखे लोंबत. मग उष्णता देऊन ते मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालायचे, अशी ती कृती होती. सशांवरील प्रयोगांनंतर १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःच १० घनसेंटिमीटर लस टोचून घेतली. पुढे लोकांना दिलेल्या मात्रेपेक्षा ही कितीतरी अधिक होती. ताप आला, वेदना झाल्या, पण ते बरे झाले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, प्लेग शिरलेला असतानाच, काही कैद्यांना लस देण्यात आली, काहींना नाही, आणि दोन्ही गटांची तुलना झाली. (कैद्याच्या संमतीला कितपत संमती म्हणावे, हा प्रश्न आज आपण विचारू. त्या काळी तो फारसा कोणी विचारला नाही.)

येथे एका शब्दाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. मराठीत ‘लस’ म्हणजे मुळात जखमेतून पाझरणारा पातळ द्रव. किळस वाटावी अशा पदार्थाचे नाव संरक्षक औषधाला मिळाले. लोकांच्या मनातील भीती समजून घेताना हा अर्थ विसरू नये.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. पंजाबातून लसीची मागणी प्रचंड वाढली, तेव्हा कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवणारी कृती स्वीकारण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती.

चौकशी आयोगाने बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, ती दूषित झाली असे ठरविले आणि आम्ल वगळल्याबद्दल बोट दाखविले. हाफकिन यांना पद सोडावे लागले. वस्तुतः त्या दिवशी गावात बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढले असते, तर उघडताना दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून हा युक्तिवाद जाहीरपणे मांडला, तेव्हा कुठे हाफकिन दोषमुक्त झाले. मला स्वतःला रॉस यांची बाजू पटते. मात्र आम्ल वगळण्याचा निर्णय निर्धोक होता, असे म्हणणे अवघड आहे.

परळचे त्यांचे पद तोवर भरले गेले होते. ते कलकत्त्याला गेले, १९१४ पर्यंत तेथे राहिले आणि नंतर युरोपात परतले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.