राजगादी ठेवायची की मोडायची? नागपूरच्या बांकाबाईंनी हा निर्णय दोनदा पाहिला; मोहाडीशीही आहे संबंध

ब्रिटनमध्ये राजेशाही ठेवावी की कायमची बंद करावी, हा वाद अधूनमधून डोकं वर काढतो. ६ मे २०२३ रोजी राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हाही तो झाला. मात्र हाच प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या विदर्भातही उभा राहिला होता. भंडारा जिल्ह्यातलं मोहाडी तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं. हे राज्य ठेवायचं की खालसा करायचं, याचा निर्णय कलकत्त्यात बसलेल्या इंग्रजांनी घेतला. हे सगळं डोळ्यांसमोर पाहणारी व्यक्ती म्हणजे राणी बांकाबाई भोसले.

कोण होत्या बांकाबाई?

बांकाबाई या नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांच्या पत्नी. रघुजींच्या काळात नागपूरचं राज्य ओडिशातल्या कटकपर्यंत पसरलेलं होतं. १८०३ मध्ये इंग्रजांशी झालेल्या युद्धात त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी देवगावचा तह झाला आणि कटक व वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख हातातून गेला. वैनगंगेच्या खोऱ्यातला आजचा भंडारा भाग मात्र भोसल्यांकडेच राहिला.

मार्च १८१६ मध्ये रघुजींचं निधन झालं. गादीवर आलेले त्यांचे पुत्र परसोजी कारभार पाहण्यास असमर्थ होते. त्यामुळे दरबारात दोन गट पडले. एका गटात बांकाबाई होत्या, तर दुसऱ्या गटात रघुजींचे पुतणे अप्पासाहेब. अप्पासाहेबांनी बाजी मारली आणि मे १८१६ मध्ये कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. राज्याच्या खर्चाने पोसलेली, पण कंपनीच्या हुकमातली फौज नागपुरात आली. पुढच्याच वर्षी परसोजींचा मृत्यू झाला आणि अप्पासाहेब राजे झाले.

१८१८ : इंग्रजांनी गादी का ठेवली?

अप्पासाहेबांचं आणि इंग्रजांचं फार काळ जमलं नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. त्यात भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. १८१८ मध्ये अप्पासाहेबांना पदच्युत करून कैदेत नेण्यात आलं, पण वाटेतच ते निसटले.

त्या वेळी इंग्रजांना नागपूर थेट ताब्यात घेणं शक्य होतं. त्यांनी तसं केलं नाही. पेशवाई नुकतीच बुडाली होती, अप्पासाहेब मोकळे फिरत होते आणि एवढा मोठा मुलूख नव्याने सांभाळणं कंपनीला अवघड होतं. म्हणून रघुजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा याला दत्तक घेऊन तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवण्यात आलं. राजा लहान असल्याने बांकाबाईंकडे पालकत्व देण्यात आलं.

प्रत्यक्षात कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या हाती गेला. जिल्ह्यांवर इंग्रज अधिकारी नेमले गेले. याच काळात या भागाचं मुख्य ठाणं लांजीहून भंडाऱ्याला आलं. म्हणजे मोहाडीच्या शेतकऱ्याने भरलेला सारा राजाच्या नावाने जमा होत होता, पण त्याचा हिशेब इंग्रज अधिकारी पाहत होता. राजा वयात आल्यावर १८२६ च्या तहापासून टप्प्याटप्प्याने कारभार त्याच्याकडे आला. तैनाती फौज मात्र तशीच राहिली.

१८५४ : मग गादी का मोडली?

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसऱ्या रघुजींचं निधन झालं. त्यांना मुलगा नव्हता आणि हयातीत त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. घराण्यातल्याच यशवंतराव या मुलाने अंत्यविधी केले. विधवा राणीने दत्तक घेण्याची रीत मराठा राजघराण्यांमध्ये होतीच. त्यामुळे वारस मिळेल, असं राजघराण्याने धरून चाललं होतं.

गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी ते मान्य केलं नाही. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य त्यांनी याच पद्धतीने खालसा केलं होतं. विशेष म्हणजे इंग्रजांमध्येही एकमत नव्हतं. नागपूरचे रेसिडेंट मॅन्सेल आणि कलकत्त्याच्या कौन्सिलमधले कर्नल लो हे दोघेही राज्य राखण्याच्या बाजूने होते. तरीही डलहौसींचा निर्णय कायम राहिला आणि मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्याचं जाहीर झालं.

यामागे हिशेब होता. राज्याचा विस्तार सुमारे ८० हजार चौरस मैल आणि महसूल सुमारे ४० लाख रुपये होता. शिवाय मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधला हा मुलूख होता आणि कापूस पिकवत होता. डलहौसींच्या विचारात या गोष्टींना वजन होतं.

एक विसंगतीही होती. ज्या ब्रिटनच्या नावाने हे राज्य संपलं, तिथे १८३७ पासून व्हिक्टोरिया ही राणी गादीवर होती. तिकडे स्त्री राज्य करू शकत होती. इकडे विधवा राणीचा दत्तक घेण्याचा हक्कही मानला गेला नाही.

त्यानंतर काय झालं?

राजवाड्यातला खजिना ताब्यात घेण्यात आला. हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीवर लिलावात विकले गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेलं. राण्यांना वार्षिक नेमणुका मिळाल्या. रघुजींच्या पत्नी अन्नपूर्णाबाई यांचं १८५५ मध्ये निधन झालं.

पंचाहत्तरीच्या आसपास असलेल्या बांकाबाईंनी अर्ज-विनंत्या केल्या, पण उपयोग झाला नाही. जून १८५७ मध्ये नागपुरात उठावाची तयारी सुरू होती, तेव्हा त्यांनी मात्र इंग्रजांची बाजू घेतली. आपल्या माणसांना शांत राहायला सांगितलं. १८५८ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या या भूमिकेचं फळ घराण्याला मिळालं, पण अर्धवट. १८६० मध्ये यशवंतराव ऊर्फ जानोजी यांचं दत्तकविधान मान्य झालं. सातारा जिल्ह्यातलं देऊर आणि राजाबहादूर ही पदवी मिळाली. राज्य परत मिळालं नाही. १८६१ मध्ये नागपूर ही नव्या मध्य प्रांताची राजधानी झाली आणि भंडारा त्यातला एक जिल्हा.

काळी मारबत आणि बांकाबाई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी काळी मारबत बांकाबाईंशी जोडली जाते. इंग्रजांशी हातमिळवणी केल्याबद्दल लोकांनी ठेवलेला तो राग आहे, असं सांगितलं जातं. ही मिरवणूक १८८१ पासून सुरू असल्याचं मानलं जातं.

हा राग समजण्यासारखा आहे. पण त्यात गोष्टीचा एकच भाग दिसतो. १८१८ मध्ये इंग्रजांनी ठेवली म्हणूनच गादी टिकली, हे बांकाबाईंनी पाहिलं होतं. त्यामुळे त्यांना खूश ठेवलं तर ती परतही मिळेल, असा त्यांचा हिशेब असावा. तो चुकला. ज्याच्या मर्जीवर गादी टिकते, तोच ती काढूनही घेऊ शकतो.

ब्रिटनच्या वादाशी याचा संबंध काय?

ब्रिटनने स्वतः १६४९ मध्ये राजाला मृत्युदंड देऊन राजेशाही बंद केली होती. १६६० मध्ये ती परत आणली. २०१३ मध्ये संसदेने कायदा करून वारसाहक्कात मुलग्याला मुलीआधी मिळणारा मान रद्द केला. उद्या राजेशाही ठेवायची की नाही, हेही तिथली संसद आणि जनताच ठरवेल. बार्बाडोस या देशाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश राजपद सोडून प्रजासत्ताक होणं पसंत केलं.

नागपूरच्या बाबतीत असं काही झालं नाही. १८१८ मध्ये गादी ठेवली आणि १८५४ मध्ये मोडली. दोन्ही वेळा कंपनीची सोय पाहिली गेली. राजाला विचारलं नाही, राणीला विचारलं नाही. मोहाडीच्या शेतकऱ्याला किंवा आंधळगावच्या विणकराला तर कोणी विचारणंच शक्य नव्हतं. खरं तर भोसल्यांच्या काळातही त्यांना कोणी विचारत नव्हतं.

भारताने २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक स्वीकारलं. १९७१ मध्ये माजी संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. मोहाडीत आज नगरपंचायत आहे आणि तिचे सदस्य मतदानाने निवडले जातात. म्हणूनच राजा असावा की नसावा, यावर मतं वेगळी असू शकतात. पण हा निर्णय कोणी घ्यायचा, याबद्दल बांकाबाईंच्या आयुष्यातून मिळणारं उत्तर स्पष्ट आहे. तो ज्यांच्यावर राज्य होतं, त्यांनीच घ्यायला हवा.