कार्व्हर सरांची परसबाग

तुमच्या घरात पुस्तकांचं एखादं कपाट असेल, तर त्यात ‘एक होता कार्व्हर’ सापडण्याची शक्यता दाट आहे. वीणा गवाणकर यांचं हे पुस्तक १९८१ साली आलं आणि तेव्हापासून वक्तृत्व स्पर्धेचं बक्षीस, वाढदिवसाची भेट, मामाने दिलेला खाऊ अशा सगळ्या वाटांनी ते मराठी घरांत शिरलं. आपल्यातल्या कित्येकांना ते शाळेत मिळालंय. किती जणांनी वाचलं, ते ज्याचं त्याने बघावं.

आता पटकन सांगा, कार्व्हर म्हटलं की काय आठवतं? शेंगदाणे. शेंगदाण्यापासून शेकडो वस्तू बनवणारा शास्त्रज्ञ. एखादा म्हणेल, पीनट बटरचा शोध लावणारा. हे मात्र चूक आहे. पीनट बटर त्याच्या आधीपासून होतं. पण शेंगदाण्याचा हा शिक्का त्याच्यावर इतका घट्ट बसलाय की त्याचं दुसरं काम त्याखाली झाकलं गेलं. आणि ते काम आज तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मागच्या बाजूला दिसू शकतं. मेथी-पालकाचे चार वाफे, शेवग्याचं एक झाड, वाफ्याला पाणी घालणारी चौथीची मुलं आणि त्यातलीच भाजी दुपारच्या खिचडीत. शासनाच्या पोषण आहार योजनेत याला परसबाग म्हणतात. शाळेत वाफा कशाला हवा, या प्रश्नावर कार्व्हरने आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवली. त्याची ही गोष्ट.

जॉर्ज जन्मला १८६४च्या आसपास, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, डायमंड ग्रोव्ह नावाच्या वस्तीत. नक्की तारीख कुणी लिहून ठेवली नाही, कारण गुलामाच्या पोराची तारीख लिहायची पद्धत नव्हती. तान्हा असतानाच लुटारूंनी त्याला आणि त्याच्या आईला पळवून नेलं. मालक मोझेस कार्व्हरने माणूस पाठवला, बदल्यात एक घोडा देऊ केला. जॉर्ज परत आला. आई कधीच सापडली नाही.

मोझेस आणि सुझन या जोडप्याने त्याला आणि त्याच्या भावाला वाढवलं. जॉर्ज फार अशक्त होता, सारखा आजारी. शेतातली जड कामं त्याला झेपत नव्हती, म्हणून तो सुझनबरोबर घरात राहिला. स्वयंपाक, शिवणकाम, धुणं, आणि घराभोवतीचा भाजीपाला. इथे जरा थांबा. जे पुढे त्याच्या विज्ञानाचं मूळ ठरलं, ते त्याला शाळेत नाही, एका बाईच्या स्वयंपाकघरात आणि परसात मिळालं. रानातल्या झाडीत त्याने स्वतःची लपवलेली बाग केली होती. आजारी रोपं तो तिथे नेऊन बरी करायचा. शेजारपाजारचे लोक आपापल्या मरगळलेल्या कुंड्या त्याच्याकडे आणायला लागले. झाडांचा डॉक्टर हे नाव तेव्हा पडलं.

जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून दहा-बारा वर्षांचा जॉर्ज आठेक मैल चालत निओशो गावाला गेला. तिथे मरिया वॉटकिन्स नावाच्या सुईणीने त्याला घरात घेतलं. तिला औषधी वनस्पतींची चांगली जाण होती. शीक, आणि शिकलेलं आपल्या लोकांना परत दे, असं तिने त्याला बजावलं होतं, असं सांगतात. पुढची काही वर्षं तो कॅन्ससमध्ये गावोगाव भटकला. कुठे स्वयंपाकी, कुठे धोबी, जमेल तिथे शाळा. एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि तो दारात उभा राहिल्यावर रंग बघून नाकारला. शेवटी १८९० साली आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात तो चित्रकला शिकायला लागला. हो, चित्रकला! त्याची चित्रकलेची शिक्षिका एटा बड हिने त्याचा झाडांचा नाद ओळखला. तिचे वडील एम्सच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक होते, तिने जॉर्जला तिकडे पाठवलं. तिथला तो पहिला काळा विद्यार्थी. सुरुवातीला त्याला जेवायला तळघरात, मजुरांबरोबर बसवत. पदवी १८९४ साली, पदव्युत्तर पदवी १८९६ साली. मधल्या काळात तो तिथेच शिकवायलाही लागला होता.

इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हवं, कारण ते आता कार्व्हर सर झाले.

त्याच वर्षी अलाबामातल्या टस्कीगी इथून बुकर टी. वॉशिंग्टन यांचं बोलावणं आलं. वॉशिंग्टन स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. काळ्या मुलामुलींसाठी त्यांनी उभारलेल्या या संस्थेत विद्यार्थी विटाही स्वतः भाजत आणि धान्यही स्वतः पिकवत. कार्व्हर आले आणि उरलेली सत्तेचाळीस वर्षं तिथेच राहिले. प्रयोगशाळा नव्हती. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उकिरड्यावरून बाटल्या, बरण्या, तारा, फुटकी भांडी गोळा केली आणि त्यातून उपकरणं बनवली. हा प्रसंग तुम्हाला माहीत असेल, सगळ्या भाषणांत असतो.

भाषणात सहसा नसतं ते हे: टस्कीगीच्या आजूबाजूला लोक खात काय होते?

डोळ्यांसमोर आणा. कापूस, कापूस आणि कापूस. घराच्या उंबरठ्यापर्यंत कापूस. गुलामगिरी कायद्याने संपून तीस वर्षं झाली होती, पण जमीन जुन्या मालकांचीच होती. काळी कुटुंबं ती बटाईने कसत. बियाणं, अवजारं, किराणा, सगळं उधारीवर, आणि हिशेबाची वही मालकाकडे. मालकाला आणि दुकानदाराला हवा होता कापूस, कारण त्याचा रोख पैसा होतो. मग दारात भाजी लावायला जागा कुठून उरणार? लोक खायचे तीन गोष्टी: मक्याचं पीठ, खारवलेली डुकराची चरबी आणि काकवी. तिन्ही दुकानातून, तिन्ही उधारीवर, तेही चढ्या व्याजाने. शेतात राबणारं कुटुंब जेवण विकत घेऊन खात होतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या माझ्या वाचकांना हे चित्र फार परकं वाटू नये.

अशा जेवणाचा परिणाम शरीरावर व्हायचाच. पेलाग्रा नावाच्या रोगाने अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो बळी घेतले. आधी कातडी सोलवटते, मग पोट बिघडतं, मग डोकं. आधी डॉक्टरांना तो संसर्ग वाटत होता. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४नंतर दाखवून दिलं की मूळ ताटात आहे. त्यामागचं नियासिन हे जीवनसत्त्व ओळखायला तर १९३७ साल उजाडलं. चवळी आणि शेंगदाणा, दोन्हींत नियासिन असतं. कार्व्हर यांना ते नाव तेव्हा माहीत असणं शक्यच नव्हतं, पण कापसाने पिळलेल्या जमिनीत चवळी, रताळी, भुईमूग लावा, असं ते आधीपासून सांगत होते. चवळी आणि भुईमूग हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे शास्त्र त्यांना पक्कं माहीत होतं. जमिनीला जे हवं तेच माणसालाही हवं निघालं.

पण शेतकऱ्याला चवळी लावायला सांगणं सोपं आहे. ती खायची कशी, हे कोण सांगणार? आणि वाचता न येणाऱ्याला सांगायचं कसं?

इथे कार्व्हर यांच्यातला सुझनच्या स्वयंपाकघरातला मुलगा कामाला आला. त्यांनी १८९८ सालापासून छोट्या पुस्तिका काढायला सुरुवात केली. पहिली ओकच्या झाडाखाली फुकट पडणाऱ्या फळांवर होती: ती जनावरांना चारा, धान्य वाचवा. हळूहळू या पुस्तिकांची एक घडी बसली. शेतकऱ्यासाठी लागवडीची माहिती, शिक्षकासाठी थोडं वनस्पतिशास्त्र, घरच्या बाईसाठी पाककृती, हे सगळं एकाच पुस्तिकेत. रोप कसं लावायचं, ते कुठल्या कुळातलं आणि त्याचं सूप कसं करायचं. आपल्याकडे हे तीन विषय तीन वेगवेगळ्या फॅकल्टीत आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळखही नसते.

यातला शिक्षक त्यांना फार महत्त्वाचा वाटे. खेड्यातल्या काळ्या मुलांच्या शाळा म्हणजे अनेकदा एक खोली आणि एक शिक्षिका. शाळा भरायची वर्षातले काही महिने, कारण कापूस वेचायला मुलांचे हात लागत. पुस्तकं दुसऱ्यांनी वापरून टाकलेली, असली तर. अशा शिक्षकांसाठी टस्कीगीत उन्हाळी वर्ग भरत. कार्व्हर तिथे निसर्ग-अभ्यास शिकवत आणि शिक्षकांसाठी पत्रकंही लिहीत. त्यांनी १९१० साली खास खेड्यातल्या शाळांसाठी निसर्ग-अभ्यास आणि बागकाम यांवर एक पुस्तिका काढली. कल्पना अगदी साधी. शाळेजवळचा जमिनीचा तुकडा घ्या, मुलांच्या हाताने वाफे करा. वाफा मोजताना गणित होतं. बी उगवताना विज्ञान होतं. पानावरची कीड बघून चित्र काढता येतं. आणि शेवटी जे हाती येतं ते खाता येतं. टस्कीगीच्या आवारातल्या लहान मुलांच्या शाळेतही अशी बाग होती.

मी शहरात वाढलेली. दहावीला जीवशास्त्रात चांगले गुण होते मला, पण चवळीची शेंग वेलीवर लागलेली पहिल्यांदा पाहिली ती विसाव्या वर्षी. त्यामुळे ही पुस्तिका शंभरहून जास्त वर्षांपूर्वीची आहे, हे मला जरा लागलं.

जे शाळेपर्यंत येऊ शकत नव्हते, त्यांच्याकडे शाळाच निघाली. सुट्टीच्या दिवशी कार्व्हर खेचराच्या गाडीत अवजारं आणि बियाणं घालून वाडीवस्तीवर जायचेच. न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांच्या देणगीतून १९०६ साली एक मोठी गाडी तयार झाली. तिची आखणी कार्व्हर यांची. त्यांचाच विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल ती घेऊन गावोगाव फिरू लागला. चाकांवरची शेतीशाळाच ती. नांगर, बी-बियाणं, लोणी काढायचं यंत्र, सगळं दारात नेऊन दाखवायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्याला डोळ्यांनी बघून कळायचं.

आता तुम्ही म्हणाल, किती थोर माणूस! थोर होतेच, पण बॉस म्हणून विचाराल तर अवघड. हिशेब, हजेरी, कारभार यांत त्यांचं डोकं चालायचं नाही. वॉशिंग्टन मात्र कडक शिस्तीचे. संस्थेचं कुक्कुटपालन कार्व्हर यांच्याकडे होतं. त्याच्या अहवालांतले आकडे फुगवलेले आहेत, असा ठपका १९०४ साली चौकशी समितीने ठेवला. कार्व्हर दुखावले, राजीनाम्याची भाषा झाली. ती पुढेही बऱ्याचदा झाली. १९१० साली त्यांचा विभागच तोडून दुसऱ्याकडे दिला गेला. शाळांच्या बागांची पुस्तिका आली तेही हेच वर्ष. एकीकडे कामावर अपमान आणि दुसरीकडे पोरांसाठी वाफे.

शेंगदाणा तर यानंतर आला. बोंडअळीसारखा बोंडातला एक भुंगेरा, बोल वीव्हिल, मेक्सिकोकडून सरकत अलाबामात पोहोचला आणि कापूस फस्त करू लागला. मग मात्र मोठ्या शेतकऱ्यांनीही भुईमुगाकडे मोर्चा वळवला. कार्व्हर यांची भुईमुगाची लागवड आणि तो खायच्या १०५ पद्धती सांगणारी पुस्तिका १९१६ सालची. ते १९२१ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे भुईमुगाबद्दल बोलायला उभे राहिले. वेळ दहा मिनिटं दिली होती. सदस्य ऐकतच राहिले आणि मर्यादा काढून टाकली. देशभर नाव झालं ते इथून, आणि शिक्का बसला तोही इथेच.

इथे एक गोष्ट मला टाळायची नाही. कार्व्हर यांच्या बागांनी बटाईदारांची गरिबी संपली नाही. उंबरठ्यापर्यंत कापूसच लाव, असं मालक सांगत असेल तर पुस्तिका घेऊन काय करणार? ज्ञान फुकट होतं, जमीन नव्हती. कार्व्हर यांनी जमिनीच्या मालकीवर, वर्णभेदी कायद्यांवर उघड आवाज उठवला नाही, आणि याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ती मला चुकीची वाटत नाही. पण ज्या कुटुंबाला दारात चार हात जागा मिळाली, त्याला त्यात काय लावायचं आणि ते कसं शिजवायचं हे सांगणारा माणूस तोच होता. दुकानाच्या उधारीतून एक दिवस सुटणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आपल्याशी एक धागाही आहे. गांधीजींचे मित्र सी. एफ. अँड्र्यूज १९२९ साली टस्कीगीला गेले होते. त्यातून गांधीजी आणि कार्व्हर यांच्यात आहाराबद्दल पत्रव्यवहार झाला, कार्व्हर यांनी आपल्या पुस्तिका पाठवल्या. नंतर १९३७ साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम मांडली गेली. शेती आणि बागकाम त्यातही होतं. दोन्हींचा थेट संबंध जोडू नका, तिची मुळं वेगळी आहेत. पण सेवाग्रामची शाळा आणि अलाबामातली एक खोलीची शाळा शेजारी ठेवून बघा, ओळखीच्या वाटतात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, त्यांची एक पुस्तिका आली ती रानभाज्यांवर. तण म्हणून उपटून फेकतो त्यातलं काय काय खाता येतं, याची भलीमोठी यादी. त्यात आपल्याकडे बाजारात जुडी मिळते तो चाकवतही आहे. तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

५ जानेवारी १९४३ला टस्कीगीतच ते गेले. खर्च त्यांनी फारसा केला नव्हता. साठलेले सुमारे साठ हजार डॉलर त्यांनी स्वतःच्या नावाच्या संशोधन संस्थेला दिले होते. त्यांना पुरलं संस्थेच्या आवारातच, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी. ज्यांच्याशी कोंबड्यांवरून वाजलं होतं, तेच ते.