गिरणीत जायला निघालेला भिवा
सातारा-सांगलीच्या एमआयडीसीत आपली शेकडो पोरं राबतात. बाबासाहेबांची जयंती आम्ही तिथेही धूमधडाक्यात करतो, पण कामगारांचे बाबासाहेब त्या मिरवणुकीत फारसे दिसत नाहीत.

साताऱ्यातच आई भीमाबाई 1896 साली गेली. वडील रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. घर आत्या मीराबाई सांभाळत. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा सातारच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाला. साताऱ्याची पोरं मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग खात्यात लागतात, हे त्याने ऐकलं होतं. आपणही जावं, स्वतःचं पोट स्वतः भरावं, असं त्याच्या मनाने घेतलं. गाडीभाड्यासाठी आत्याचा बटवा लांबवायचा, म्हणून तीन रात्री जागला. चौथ्या रात्री तो हाती लागला, आत निघाला अर्धा आणा! लाजून त्याने बेत सोडला आणि अभ्यासाला लागला.

पुढे बॅरिस्टर होऊनही ते परळच्या चाळीत गिरणी कामगारांतच राहिले. गिरणीत जास्त पगार विणखात्यात, आणि तिथेच अस्पृश्यांना मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, विटाळ होईल! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढेच ठेवला. लाल बावट्याखालीही जात होतीच, हे आम्ही विसरत नाही. तरीही संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांसोबत उतरला आणि मुंबईत एक दिवसाचा संप झाला. तारीख 7 नोव्हेंबर 1938. शाळाप्रवेशाचीच तारीख! ती आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो, संपाचं नाव कुणी घेत नाही.

1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्याचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला तो 1946 च्या दुरुस्तीने. त्याच एप्रिलात त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं, 1948 ला कायदा झाला. कुपवाडला ठेकेदाराकडे बारा तास उभ्या राहणाऱ्या आमच्या एका मित्राने पगारपत्रक मागितलं, तेव्हा त्याच्या हातात याच कायद्याची मराठी प्रत होती. पत्रक अजून मिळालेलं नाही.