लुसी विल्स : गिरणी कामगार बायकांचा आजार ताटात शोधणारी डॉक्टर

बेळगाव असो, इंदूर असो की हैदराबाद, सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलेल्या गरोदर बाईला एक लाल गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. लोहाबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं. फॉलिक ॲसिडचा माग मात्र मुंबईत लागला, तो लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंमुळे.

लुसींचा जन्म १८८८ साली बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड गावी झाला. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून १९११ मध्ये त्या परीक्षा पास झाल्या. पण केंब्रिज तेव्हा बायकांना पदवीच देत नसे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तिथं त्यांनी रुग्णसेवा केली आणि डॉक्टर व्हायचं ठरवलं. बायकांसाठीच्या लंडनच्या वैद्यकीय शाळेतून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना मात्र थाटला नाही. त्यांचा ओढा प्रयोगशाळेकडे होता.

१९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या. इथल्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणात जीवघेणा रक्तक्षय व्हायचा. कित्येक जणी बाळंतपणाआधी किंवा नंतर दगावायच्या. मातामृत्यूंच्या चौकशीचं काम परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालं होतं आणि डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून लुसी त्यात सामील झाल्या.

हा रक्तक्षय वेगळा होता. लोह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान होतात. इथं त्या नेहमीपेक्षा मोठ्या दिसत होत्या. आधी संशय जंतूंवर गेला, पण तपासण्यांत तसं काही हाती लागेना. मग लुसींनी बायकांच्या जेवणाची चौकशी केली. बळी पडणाऱ्या बहुतेक जणी गरीब घरच्या होत्या. त्यांच्या ताटात भाजीपाला आणि फळं नावालाच असत.

तोच आहार त्यांनी कुन्नूरच्या प्रयोगशाळेत उंदरांना देऊन पाहिला, पुढे माकडांनाही दिला. जनावरांनाही रक्तक्षय झाला. तोवर माहीत असलेली जीवनसत्त्वं देऊन उपयोग झाला नाही. गुण आला तो यीस्टच्या अर्कानं. हा अर्क म्हणजे मार्माइट, इंग्लंडात पावाला लावून खातात तो काळसर, खारट पदार्थ. दारूभट्टीत उरलेल्या यीस्टपासून तो बनायचा, म्हणून स्वस्त होता. यकृताचा अर्क त्या बायकांच्या ऐपतीबाहेरचा होता. मार्माइट दिल्यावर मरणाच्या दारातल्या बायका उठून बसू लागल्या. १९३१ मध्ये लुसींनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले.

मार्माइटमध्ये नेमकं काय गुणकारी आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं. म्हणून त्या घटकाला विल्स फॅक्टर हेच नाव पडलं. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढण्यात आला. पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख होते मूळचे आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. नवी पेशी तयार होताना हे जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की तांबड्या पेशी नीट दुभंगत नाहीत, म्हणून फुगीर राहतात. गरोदरपणात नव्या पेशींची गरज एकदम वाढते आणि तिथंच गरिबाचं ताट कमी पडतं.

लुसी विल्स पुढे लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये रुजू झाल्या आणि १९४७ मध्ये निवृत्त झाल्या. नंतरही जमैका, फिजी इथं त्यांनी पोषणावर काम केलं. आयुष्याची शेवटची वर्षं त्या चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १९६४ साली त्यांचं निधन झालं.

गर्भाचा मणका आणि मेंदू नीट घडायलाही हे जीवनसत्त्व लागतं, हे १९९१ मधल्या मोठ्या चाचणीनं पक्कं केलं. तो मणका पहिल्या महिन्यातच आकार घेतो. त्यामुळे दिवस राहण्याआधीपासूनच फॉलिक ॲसिड घ्यायला सांगतात. पालेभाज्या आणि डाळी-कडधान्यांतून ते मिळतं. पण भाजी फार शिजवली आणि वरचं पाणी ओतून दिलं, तर बरंचसं वाया जातं. लाल गोळी डब्यात पडून राहिली, तर तिचाही उपयोग नाही. त्या गिरणी कामगार बायकांना अशी गोळी मिळाली नव्हती. आज ती फुकट मिळते.