विमाने घडवणारे डॉ. घाटगे

भिवंडीजवळच्या वडपे गावावरून मुंबई-नाशिक महामार्ग जातो. या रस्त्याने नाशिक ओलांडले, की ओझर लागते. ओझरला विमानांचा मोठा कारखाना आहे. १९६४ मध्ये तो स्थापन झाला आणि पुढे तेथे रशियन आराखड्यांवरून मिग ही लढाऊ विमाने तयार होऊ लागली. पण त्याआधीच बंगळूरला भारताने स्वतःच्या आराखड्यावरून विमान बनवले होते. ते आखणारे डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या महाराष्ट्राचेच.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हसूर या लहानशा खेड्यात झाला. मुंबईत उच्च शिक्षण घेतल्यावर ते जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात गेले. तेथे लुडविग प्रांटल हे थोर शास्त्रज्ञ शिकवत होते. वाहत्या हवेचा अगदी पातळ थर वस्तूच्या पृष्ठभागाजवळ मंदावतो. हा थर समजल्याशिवाय विमानाचे उडणे नीट समजत नाही, हे प्रांटल यांनी जगाला दाखवले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

घाटगे मायदेशी परतले, तेव्हा देशात विमानांचा कारखाना नव्हता. डिसेंबर १९४० मध्ये उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला असा कारखाना सुरू केला. घाटगे तेथे रुजू झाले. पण विमान एकट्याने होत नाही. त्यासाठी जाणकार माणसे लागतात. १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग निघाला. तेथे शिकवून घाटगे यांनी तरुण अभियंते तयार केले.

स्वातंत्र्यानंतर नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठी विमान हवे होते. घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचटी-२ हे दोन आसनांचे विमान आखले. ५ ऑगस्ट १९५१ रोजी त्याची पहिली परीक्षा होती. कागदावरचे गणित चुकले असते, तर वैमानिकाच्या जिवावर बेतले असते. कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी विमान आकाशात नेले आणि सुखरूप खाली आणले. पुढे हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी याच विमानावर पहिले धडे गिरवले.

आता लढाऊ विमान बनवायचे ठरले. १९५६ मध्ये कुर्ट टँक या जर्मन तज्ज्ञांना बोलावण्यात आले. त्यांच्या नेतृत्वाखाली कारखान्यातील भारतीय अभियंते मारुत या जेट विमानाच्या कामाला लागले. आधी त्यांनी त्याच आकाराचे, पण इंजिन नसलेले लाकडी विमान बनवले. १९५९ मध्ये दुसऱ्या विमानाने ते ओढत वर नेले आणि आकाशात सोडून त्याची चाचणी घेतली. जून १९६१ मध्ये सुरंजन दास यांनी खरे मारुत उडवले. मात्र त्याला हवे तेवढे ताकदवान इंजिन मिळाले नाही. त्यामुळे आवाजापेक्षा अधिक वेगाने उडण्याचे स्वप्न अपुरेच राहिले. तरीही १९७१ च्या युद्धात मारुतने चांगली कामगिरी केली.

इकडे घाटगे यांच्या नेतृत्वाखाली किरण हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे जेट विमान तयार झाले. १९६४ मध्ये ते प्रथम उडाले. १९६५ मध्ये सरकारने घाटगे यांना पद्मश्री देऊन गौरवले. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

पैसे असले, की विमान परदेशातून विकत आणता येते. ते घडवण्याची विद्या मात्र स्वतःच शिकावी लागते. घाटगे ती आयुष्यभर शिकले आणि त्यांनी ती इतरांनाही शिकवली.