रोनाल्ड रॉस : डासांचा हिशेब मांडणारा डॉक्टर

बेगमपेटच्या जुन्या विमानतळाजवळ सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाची एक जुनी इमारत आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती जाता-येता पाहिली असेल. आत फार थोडे गेले असतील. मलेरिया डासांमुळे पसरतो याचा मोठा पुरावा सिकंदराबादेत मिळाला, हे आपण शाळेत शिकलो. पण लोक हवा पालटायला किंवा सहलीला जातात अशा जागांशीही रॉस यांचे आयुष्य जोडलेले होते. ती बाजू इथे सांगतो.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला झाला. वडील लष्करात मोठे अधिकारी. मुलाला साहित्याची आणि चित्रकलेची ओढ, पण वडिलांच्या इच्छेपुढे चालले नाही आणि तो डॉक्टर झाला. १८८१ साली रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. कविता-कादंबऱ्या लिहिणे सुटले नाही ते नाहीच. मलेरियाचा परजीवी लाव्हेरान या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्येच रक्तात पाहिला होता. तो एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा, हे मात्र कळत नव्हते. १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाची शक्यता सुचवली आणि रॉस यांनी तो ध्यास घेतला.

१८९७ च्या उन्हाळ्याच्या सुमारास ते रजेवर उटीला होते. वर थंड, निरोगी हवा. खाली सिगूर घाटात कॉफीचे मळे आणि तिथे तापाने फणफणलेली माणसे. पाहणी करायला रॉस घाटात गेले आणि स्वतःच मलेरिया घेऊन आले. आज उटीहून मसिनगुडी-मुदुमलईकडे जाणारा रस्ता याच घाटातला.

बरे होऊन ते सिकंदराबादेत परतले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चावून घ्यायचे, दर डासाला १ आणा, असा व्यवहार ठरला. त्यातल्या ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत २० ऑगस्ट रोजी रॉस यांना मलेरियाचे रंगद्रव्य असलेल्या गोल पेशी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून त्यांनी परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतो हे दाखवले. माणसाच्या मलेरियाचे पूर्ण चक्र इटलीच्या ग्रासी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. श्रेयावरून दोघांचे आयुष्यभर पटले नाही. रॉस या बाबतीत फारच हट्टी होते, असे माझे मत. १९०२ चे नोबेल रॉस यांना मिळाले.

त्याच वर्षी सुएझ कालवा कंपनीने त्यांना इस्माइलियाला बोलावले. गोड्या पाण्याच्या कालव्यामुळे वाळवंटात हे बागांचे टुमदार गाव उभे राहिले होते, पण त्या पाण्याबरोबर मलेरियाही आला. रॉस यांच्या सल्ल्याने डबकी बुजवली, साचल्या पाण्यावर तेल टाकले. १९०१ मध्ये १,९९० रुग्ण होते, ते १९०३ मध्ये २१४ वर आले.

१९०७ च्या अखेरीस ते मॉरिशसला गेले. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांची तिथे तोवर एक-दोन पिढ्यांची वस्ती होती. एकेकाळी भारतातले इंग्रज अधिकारी प्रकृती सुधारायला या बेटावर जात. १८६६-६७ मध्ये मलेरियाची साथ आली, हजारो माणसे दगावली आणि ज्यांना परवडले ते पोर्ट लुई सोडून उंचावरच्या क्युरपीपला राहायला गेले. आरोग्याचे ठिकाण म्हणून असलेले नाव गेले ते गेलेच.

इथे रॉस यांनी जे गणित मांडले ते मला, उभा जन्म आकडेमोडीत गेल्यामुळे असेल, त्यांच्या नोबेलहून मोठे वाटते. सगळे डास मारायची गरज नाही. माणशी डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली, तर नवे रुग्ण बरे होणाऱ्यांपेक्षा कमी पडतात आणि रोग आपोआप ओसरतो. त्यांच्या हिशेबात ही मर्यादा माणशी सुमारे ४० अॅनॉफिलिस अशी निघाली. अनेकांना हे पटायला फार वर्षे लागली.

पैशाच्या बाबतीत मात्र ते कायम नाराज राहिले. उतारवयात आपली कागदपत्रे त्यांनी २,००० पौंडांना विकली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

मॉरिशस १९७३ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाले. दोनच वर्षांत मोठ्या चक्रीवादळानंतर मलेरिया परतला आणि पुन्हा बरीच वर्षे झुंजावे लागले. २००५-०६ मध्ये दुसऱ्याच डासाने चिकुनगुनिया आणला. शेजारच्या रियुनियन बेटावर तर पर्यटक एकदम रोडावले. मलेरियाच्या देशांतून, म्हणजे आपल्याकडूनही, येणाऱ्या प्रवाशांवर मॉरिशसचे आरोग्य खाते नजर ठेवते, गरज वाटल्यास रक्त तपासते. तिकडे सहलीला निघालेल्यांनी विमानतळावर तापाबद्दल विचारले तर रागावू नये, खरे ते सांगावे.