पेटीवरचे पु. ल.

१९८९ साली माझी बदली मंचरला झाली. कर्जवसुलीच्या निमित्ताने घोडेगावच्या बाजूला वरचेवर जावे लागे. तिकडच्याच एका शाळेने मला स्नेहसंमेलनाचा पाहुणा केले. पुठ्ठ्याचे पिसारे लावून दहाबारा मुली ‘नाच रे मोरा’वर नाचल्या. भाषणात मी ऐटीत विचारले, हे गाणे कोणाचे? गदिमांचे, एक मुलगा ओरडला. आशा भोसल्यांचे, दुसरी म्हणाली. आणि चाल? सगळे गप्प. गुरुजीही माझ्याकडेच बघू लागले.

चाल पु. ल. देशपांडे यांची. चित्रपट ‘देवबाप्पा’, साल १९५३. खरे सांगायचे तर मलाही हे आठवडाभर आधीच कळले होते.

पु. लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईतला. बालपण पार्ल्यात गेले. आजोबा ‘ऋग्वेदी’ दुभाषी यांनी रवीन्द्रनाथांची गीतांजली अभंगांत आणली होती. वडील लवकर गेले आणि शिकवण्या, कारकुनी, मास्तरकी असे सगळे करावे लागले. पेटी मात्र सुटली नाही. ओरिएंट हायस्कूलमध्ये शिकवताना सुनीताबाई भेटल्या. १२ जून १९४६ रोजी लग्न झाले.

१९५३ सालच्याच ‘गुळाचा गणपती’त कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन, संगीत आणि नायकाचे काम, सारे त्यांचेच. भीमसेन जोशींनी गायिलेला ‘इंद्रायणी काठी’ हा अभंगवजा गीताचा ठेवा त्यातलाच. शब्द गदिमांचे. त्याच वर्षी पोरांना नाचवणारी चाल आणि मोठ्यांना डोळे मिटायला लावणारी चाल, दोन्ही एकाच माणसाने दिल्या! ‘नाच रे मोरा’त ताना नाहीत, हरकती नाहीत, लहान गळ्याला झेपेल तेवढीच उडी आहे. हे सोपेपण साधणे किती अवघड, ते पेटीवर बोटे ठेवलेल्यालाच कळते.

त्यानंतर त्यांनी सिनेमा सोडला. ‘तुझे आहे तुजपाशी’, ‘बटाट्याची चाळ’ आली, महाराष्ट्र हसला आणि संगीतकार मागे पडला. ही तक्रार नव्हे. पण हळहळ आहे.

नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच जत्रेसाठी तमाशाची सुपारी द्यायला येतात. त्या राहुट्यांतून हिंडताना मला पु. लं.चे ‘पुढारी पाहिजे’ आठवे. सेवा दलाच्या कलापथकासाठी त्यांनी तमाशाचाच बाज उचलला होता. ‘वयं मोठं खोटं’ आणि ‘नवे गोकुळ’ ही नाटके तर खास मुलांसाठी लिहिली. मुलांसाठी लिहिणे म्हणजे हात धुवायला घेतलेले काम, असे समजणाऱ्या लेखकांनी (त्यांत मीही आलो) ती वाचावीत.

माझी स्वतःची पेटी नोकरी लागल्यावर माळ्यावर गेली होती. त्या संमेलनानंतर ती खाली काढली. भाता फाटलेला, दोन सूर मुके. पाडव्याला ती नारायणगावी एका फडातल्या पेटीवाल्याकडे नेली. संध्याकाळपर्यंत त्याने ती बोलती केली. सूर तपासायला तो लावणी वाजवील असे वाटले होते. त्याने मोर नाचवला.

चाल कोणाची, हे मी त्याला विचारले नाही.

पु. ल. १२ जून २००० रोजी पुण्यात गेले. लग्नाचा वाढदिवस होता.